लव्हाळा आणि मोथा : एका वनस्पतीची दोन नावे

महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाई, कऱ्हाड यांवरून सांगलीस येते. तिच्या काठच्या वाळुंज-उंबरांच्या राईलगत आणि मळीच्या जमिनीत तिकोनी दांड्याची एक रानटी वनस्पती उगवते. तिला लोक लव्हाळा म्हणतात. हे नाव अनेक जातींना लावले जात असले, तरी लिनीअसने १७५३ मध्ये वर्णिलेली सायपेरस रोटुंडस ही त्यांतील प्रमुख होय. काष्ठौषधींच्या दुकानात मात्र तीच मोथा या नावाने ओळखली जाते. ही दोन नावे केवळ पर्यायशब्द आहेत काय, हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

मोथा या शब्दाची वंशावळ स्पष्ट आहे. संयुक्ताक्षरापूर्वीच्या उकाराचा प्राकृतात ओकार होतो, हा नियम हेमचंद्राने बाराव्या शतकात नोंदविला. पुस्तक-पोत्थअ-पोथी या क्रमानेच मुस्ता-मोत्था-मोथा ही परंपरा सिद्ध होते. संस्कृत ग्रंथांतील मुस्ता मुख्यतः जमिनीखालचा सुगंधी कंद आहे. चरकसंहितेतील ज्वरावरील षडंगपानीयात तो पडतो. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात रानडुकरे तोच उकरतात.

लव्हाळा या शब्दाने मात्र डोळ्यांपुढे येते ते जमिनीवरचे लवचीक पाते. सतराव्या शतकात तुकोबांनी महापुरात वाहून जाणाऱ्या वृक्षांसमोर त्यालाच उभे केले. तेथे लव्हाळ्याची नम्रता सर्वांस दिसते, आणि ती यथार्थच आहे. परंतु वनस्पती टिकते ती केवळ वाकून नव्हे. भूमीखाली माळेसारखी ओवलेली कंदांची साखळी तिला पुन्हा उभी करते. कऱ्हाड-वाळव्याच्या उसाच्या शेतकऱ्यास हे शिकवावे लागत नाही. खुरप्याने पाते जाते, मोथा राहतो. २००५ आणि २०१९ या वर्षांचे महापूर ज्या काठांनी पाहिले, तेथेही नवे कोंभ यायचे ते या कंदांतूनच.

तात्पर्य, माझ्या मते ही दोन नावे एका वनस्पतीकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत : एक वैद्याची, दुसरी काठावर राहणाऱ्याची. आधुनिक वनस्पतिशास्त्राने ‘मुस्तक कुल’ ही संज्ञा योजून जुना तत्सम शब्द परत आणला, आणि हे कुल तृणकुलाहून निराळे मानले. म्हणून जुन्या काव्याच्या शब्दसूचीत लव्हाळ्यापुढे ‘एक प्रकारचे गवत’ एवढेच लिहून थांबणे इष्ट नाही. त्याने वनस्पती चुकते, आणि दृष्टांताचे मूळही हातचे सुटते.