हँडलपासून ‘सेल्फ’पर्यंत : होडीच्या इंजिनाची पहिली गिरकी

वसईपासून उत्तनपर्यंतच्या आपल्या किनाऱ्यावर ‘सेल्फ उठत नाही’ हे तीन शब्द ज्याच्या कानी पडतात, त्याला त्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पुस्तकात ज्याला स्टार्टर मोटर म्हणतात, तिला आपला खलाशी ‘सेल्फ’ म्हणतो. इंजिन आपले आपण सुरू व्हावे, ही माणसाची जुनी इच्छा त्या एका शब्दात साठलेली आहे. ती इच्छा कशी पुरी झाली आणि तिच्या पूर्तीबरोबर आपण काय हरवून बसलो, याचा थोडा शोध येथे घ्यावयाचा आहे.

वायूच्या स्फोटावर चालणाऱ्या इंजिनाचा एक जन्मजात दोष आहे. वाफेचे इंजिन कोंडलेली वाफ सोडताच हलू लागते. परंतु पेट्रोलचे अथवा डिझेलचे इंजिन आपली पहिली गिरकी स्वतः घेऊ शकत नाही. हवा आत ओढून दाबण्याचे काम आरंभी बाहेरच्या कोणी तरी करावे लागते. सुरुवातीच्या काळात हा ‘कोणी तरी’ म्हणजे माणसाचा दंड होता.

मोटारगाडीच्या पुढे लोखंडी हँडल लावून ते फिरवीत. ठिणगी वेळेआधी पडली, की हँडल उलटा झटका देई आणि मनगटाजवळचे हाड मोडे. या अस्थिभंगाला वैद्यकात आजही ‘चालकाचे फ्रॅक्चर’ म्हणतात. मच्छीमारांच्या वाट्याला दुसरी तपश्चर्या होती. इंग्लंडमधील हर्बर्ट अॅक्रॉइड स्टुअर्ट यांनी १८९० च्या सुमारास तप्त गोळ्याच्या इंजिनाची कल्पना सिद्ध केली आणि पुढे स्कँडिनेव्हियातील मासेमारी होड्यांवर या जातीची इंजिने मोठ्या प्रमाणावर बसली. त्यांच्या माथ्यावरील पोकळ लोखंडी गोळा आधी स्टोव्हसारख्या ज्योतीने कित्येक मिनिटे तापवावा लागे आणि मगच जड चक्राला हिसका देता येई. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे यशस्वी झाले, तेव्हा त्यात हवा इतकी दाबली जाई की एकट्या माणसाच्या बळाने ते फिरविणे अशक्यच होते. मोठ्या जहाजांवर दाबून साठविलेल्या हवेचा उपयोग सुरू झाला. छोट्या डिझेल इंजिनांवर एक युक्ती राहिली : झडप उचलून धरणारा खटका ओढावयाचा, चक्राला वेग द्यावयाचा आणि वेग येताच खटका सोडावयाचा.

विजेवर चालणाऱ्या व्यवहार्य स्टार्टरचा शोध अमेरिकेत ओहायो राज्यातील डेटन गावी लागला. चार्ल्स केटरिंग (१८७६–१९५८) हे शेतकऱ्याच्या घरचे अभियंता पूर्वी दुकानांतील गल्लायंत्रे बनविणाऱ्या कारखान्यात होते आणि त्या यंत्राला त्यांनी विजेची मोटर बसविली होती. तेथे त्यांना एक गोष्ट उमगली होती. ज्या मोटरला दिवसभर नव्हे, क्षणभरच श्रम करावयाचे आहेत, तिच्यावर तिच्या आकारमानाच्या मानाने पुष्कळ अधिक भार टाकता येतो. मोटार सुरू करण्यास अवाढव्य विद्युत् मोटर लागेल, असे तज्ज्ञ म्हणत. केटरिंग यांनी १९११ मध्ये हे मत खोटे पाडले आणि कॅडिलॅक कंपनीच्या १९१२ च्या गाड्यांवर त्यांचा स्टार्टर बसला. त्याचे पेटंट १९१५ मध्ये मिळाले.

या शोधामागे एक करुण कथा सांगतात. डेट्रॉइटजवळ एका बाईंची गाडी बंद पडली, मदतीस धावलेले बायरन कार्टर यांना हँडलचा तडाखा बसून मृत्यू आला आणि त्यामुळे कॅडिलॅकचे हेन्री लेलँड व्यथित झाले, असा तिचा आशय आहे. तथापि कथेतील प्रसंग बहुधा १९१० च्या हिवाळ्यातला म्हणून सांगितला जातो आणि कार्टर तर १९०८ मध्येच वारले होते. तेव्हा कथा जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. हँडलने माणसे जायबंदी होत, एवढे मात्र निर्विवाद आहे. हे हँडल गेल्यामुळे स्त्रियांना व वृद्धांना गाडी चालविणे सुकर झाले, हाही या शोधाचा मोठा सामाजिक परिणाम होय.

आपल्या देशात होड्यांच्या यांत्रिकीकरणाला स्वातंत्र्यानंतर वेग आला. १९५२ मध्ये भारत, नॉर्वे व संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार होऊन केरळातील कोल्लमजवळ नींडकरा येथे इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प उभा राहिला. शेजारच्या शक्तिकुलंगरा गावातील पुष्कळ मच्छीमार आपल्यासारखेच कॅथलिक आहेत. आपल्या किनाऱ्यावरही शिडाची जागा हळूहळू इंजिनाने घेतली आणि नंतर हँडलची जागा बटणाने. वारा पडला तर वल्हे होते. बटण निरुत्तर झाले, तर काय करावयाचे?

हा प्रश्न आम्हांला एका संध्याकाळी फार जवळून भेटला. पंख्यात अडकलेले जाळे सोडविण्यासाठी इंजिन बंद केले होते. जाळे निघाले, परंतु बटण दाबताच केवळ ‘टक्’ असा आवाज आला. ओहोटी जोरात होती आणि खडक दूर नव्हता. आम्ही घाबरून पुन्हा पुन्हा बटण दाबीत राहिलो आणि उरलीसुरली बॅटरीही संपविली. नांगर धरला म्हणून निभावले. दुसऱ्या होडीने दोर टाकून आम्हांला बंदरात आणले. सकाळी दोष सापडला तो पाहून आमची मान खाली गेली. बॅटरीच्या जाड वायरीच्या टोकावर हिरवा गंज चढला होता. पाना आणि घासकागद एवढ्यावर काम भागले असते.

तो एवढासा गंज इतका बलवान का ठरतो, याचे उत्तर साध्या गणितात आहे. होडीचा स्टार्टर क्षणभर दोनशे अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढू शकतो. अशा वेळी जोडणीत एका ओहमच्या शंभराव्या हिश्शाइतका जरी अडथळा असला, तरी बारा व्होल्टांपैकी दोन व्होल्ट तेथेच जिरतात आणि मोटर दुबळी होते. दिव्याला थोडाच प्रवाह पुरतो, म्हणून दिवा मात्र झगझगीत लागतो व आपली फसगत करतो.

म्हणून आधी कान द्यावा. बटण दाबून काहीच आवाज न आल्यास गिअर न्यूट्रलमध्ये आहे की नाही, मुख्य स्विच व फ्यूज ठीक आहेत की नाहीत, हे पाहावे. जलद ‘टकटक’ झाल्यास बॅटरी दुबळी अथवा जोडणी सैल समजावी : सोलेनॉइड ओढला जातो, भार पडताच व्होल्ट कोसळतात, तो सुटतो आणि पुन्हा ओढला जातो. एकच ठोस ‘टक्’ झाला व दिवे मंदावले नाहीत, तर सोलेनॉइडचे आतले संपर्क जळाले असावेत किंवा मोटरचे कार्बन झिजले असावेत. अशा मोटरवर हलकी थाप मारल्यास कधी कधी ती फिरते, पण तो उपचार नव्हे. कार्बन बदलण्याची ती सूचना होय. मोटर घरघर फिरते आणि इंजिन हलत नाही, तर बेंडिक्सचे दात चक्राच्या दातांत गुंतत नाहीत.

मीटर असल्यास संशय फिटतो. विश्रांत अवस्थेत भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. बटण दाबले असता आकडा साडेनऊच्या खाली घसरला, तर बहुधा बॅटरीच अशक्त असते. ती सशक्त असेल, तर बटण दाबलेले असताना मीटरचे एक टोक बॅटरीच्या खुंटीवर व दुसरे स्टार्टरच्या खुंटीवर धरावे. अर्ध्या व्होल्टाहून अधिक फरक दिसला, की दोष वाटेतच आहे. इंजिनाच्या अंगाकडून परतणारी अर्थिंगची वायरही अशीच तपासावी. दहा-पंधरा सेकंदांपेक्षा अधिक वेळ बटण दाबू नये. मोटरला थंड होण्यास दोन मिनिटे द्यावीत. क्षणभराच्या श्रमासाठी घडविलेल्या मोटरकडून दीर्घ श्रम मागितले, तर ती जळते.

एक धोका मात्र विशेष सांगितला पाहिजे. ज्या इंजिनांचा धूर समुद्राच्या पाण्यात मिसळून बाहेर पडतो, तेथे इंजिन फिरत राहिले पण पेटले नाही, तर पंप पाणी आणीतच राहतो. धुराला ते ढकलण्याचे बळ नसल्याने पाणी साचते व अखेर सिलिंडरमध्ये शिरते. पाणी दाबले जात नाही; लोखंड वाकते. म्हणून बराच वेळ फिरवावे लागले, तर समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करावा आणि इंजिन पेटताच तो न विसरता उघडावा.

हँडलचा काळ परत यावा, असे कोणी म्हणणार नाही. त्याने कित्येकांची मनगटे मोडली. परंतु हँडल फिरविणाऱ्याला आपल्या इंजिनाची नाडी कळत असे. बटणाने श्रम हरण केले, त्याबरोबर ती ओळखही हरण केली. आपल्या वडीलधाऱ्यांनी आपल्याला वारा आणि भरती-ओहोटी वाचावयास शिकविले. आपण आपल्या मुलांना तो ‘टक्’ वाचावयास शिकविले पाहिजे आणि दर पंधरवड्यास त्या जाड वायरीची टोके घासून, आवळून त्यांवर थोडे ग्रीस लावावयासही शिकविले पाहिजे. खडक जवळ आलेला असताना शिकण्यास वेळ नसतो, हे आम्ही त्या संध्याकाळी शिकलो.