सार्वजनिक काका : वकिली, मुखत्यारी आणि लोकविश्वास

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या प्रबोधनाचा इतिहास शिकविताना गणेश वासुदेव जोशी यांचे नाव बहुधा एका वाक्यात येते. ‘पुणे सार्वजनिक सभेचे संस्थापक आणि खादीचे आद्य पुरस्कर्ते’ एवढ्या उल्लेखावर त्यांची बोळवण होते आणि विवेचन न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, नामदार गोखले यांच्याकडे वळते. जोशी यांनी मोठा ग्रंथसंभार मागे ठेवला नाही. त्यांच्या नावे एखादा सिद्धान्तही सांगितला जात नाही. तरीही पुणेकरांनी त्यांना ‘सार्वजनिक काका’ हे नाव दिले आणि ते इतके रूढ झाले की मूळ नाव मागे पडले. ‘सार्वजनिक’ हा शब्द संस्थेचा आहे, तर ‘काका’ हा घरातला. हे दोन शब्द एका व्यक्तीच्या ठायी कसे एकत्र आले आणि त्यांच्या एकत्र येण्याला राजकीय इतिहासात काही अर्थ आहे काय, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पूर्वपीठिका

गणेश वासुदेव जोशी यांचा जन्म ९ एप्रिल १८२८ रोजी सातारा येथे झाला. पेशवाई संपून तेव्हा दहा वर्षे झाली होती. सातारची गादी मात्र कंपनी सरकारच्या छायेखाली टिकून होती. १८४८ साली सातारचे राज्यही खालसा झाले, तेव्हा जोशी वीस वर्षांचे होते. छत्रपतींची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते अनेक वर्षे लंडनमध्ये राहिले, ही हकीकत सातारच्या घराघरांत ठाऊक होती. रंगो बापूजी हे जुन्या अर्थाने ‘वकील’ होते. मराठेशाहीत दरबारातील प्रतिनिधीला वकील म्हणत. इंग्रजी अमलात हाच शब्द न्यायालयात पक्षकाराची बाजू मांडणाऱ्या सनदधारकासाठी रूढ झाला. जोशी पुण्यास आले, प्रथम कचेरीत नोकरी केली आणि पुढे परीक्षा देऊन वकील झाले. नव्या अर्थाचा वकील झालेला हा गृहस्थ पुढे सार्वजनिक जीवनात जुन्या अर्थाचाही वकील ठरला, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पर्वतीचा प्रश्न आणि मुखत्यारपत्र

सार्वजनिक सभेचा उगम एका स्थानिक तक्रारीत आहे. पेशव्यांनी उभारलेल्या पर्वती संस्थानाचा कारभार पाहणाऱ्या पंचांविषयी पुण्यात असंतोष होता. देवस्थानाच्या उत्पन्नाचा विनियोग नीट होत नाही, अशी लोकांची भावना होती. ही तक्रार सरकारदरबारी मांडावयाची तर ती कोणी आणि कोणत्या अधिकाराने मांडावी, हा प्रश्न होता. यापूर्वीही पुण्यात व मुंबईत संस्था निघाल्या होत्या. परंतु काही प्रतिष्ठित मंडळींनी अर्जावर सह्या कराव्यात आणि सरकारने त्यांना ‘तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?’ असे विचारून वाटेस लावावे, हा अनुभव नवा नव्हता.

काकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर जो उपाय योजला तो वकिली व्यवहारातला होता. अशिलाच्या लेखी अधिकारपत्राशिवाय वकिलास न्यायालयात उभे राहता येत नाही. तोच नियम सभेला लावला गेला. किमान पन्नास व्यक्तींनी सह्या करून दिलेले मुखत्यारपत्र जो आणील तोच सभेचा सभासद. २ एप्रिल १८७० रोजी सभा स्थापन झाली, तेव्हा सुमारे सहा हजार लोकांच्या मुखत्यारपत्रांच्या आधारे ९५ सभासद निवडले गेले होते. काका सभेचे चिटणीस झाले.

या घटनेचे महत्त्व आकड्यांपुरते नाही. १८७० साली हिंदुस्थानात निर्वाचित विधिमंडळ नव्हते आणि नगरपालिकांतही लोकनियुक्त सभासदांचे प्रमाण नगण्य होते. अशा काळात एका शहरातील लोकांनी, सरकारच्या कोणत्याही कायद्याची वाट न पाहता, आपले प्रतिनिधी लेखी संमतीने नेमले. येथे मतपेटी नव्हती, पण संमतीचे तत्त्व होते. शिवाय मुखत्यारी देणारा ती काढूनही घेऊ शकतो, हा त्या दस्तऐवजाचा कायदेशीर स्वभावच आहे. त्यामुळे प्रतिनिधी जनतेला उत्तरदायी असतो, ही कल्पना पुणेकरांना राज्यशास्त्राच्या पुस्तकातून नव्हे, तर नित्य परिचयाच्या एका कागदातून समजली.

पन्नास सह्या मिळवायच्या म्हणजे पन्नास जणांच्या दारी जावे लागते. तत्कालीन पुण्याचे जीवन पेठा, आळ्या आणि वाडे यांत विभागलेले होते. माणूस माणसाला नावापेक्षा नात्याने ओळखत असे. अण्णा, तात्या, नाना, काका ही संबोधने रक्ताच्या नात्यापुरती मर्यादित नव्हती. ज्याच्याकडे घरचे भांडण निःशंकपणे नेता येते आणि ज्याचा निवाडा कडू लागला तरी मानला जातो, तो आळीचा काका. अशा परिचयाशिवाय कोऱ्या कागदावर सही कोण करील? मुखत्यारपत्राची आधुनिक कल्पना प्रत्यक्षात उतरली ती या जुन्या विश्वासाच्या बळावर, आणि म्हणूनच ‘सार्वजनिक’ व ‘काका’ या दोन शब्दांत वाटतो तेवढा विरोध नाही.

शेतकरी, दुष्काळ आणि लवाद

१८७१ मध्ये महादेव गोविंद रानडे न्यायाधीश म्हणून पुण्यास आले आणि सभेला विचारवंत मार्गदर्शक लाभला. सरकारी नोकरीमुळे रानडे यांना उघडपणे पुढे येता येत नसे. विचार रानड्यांचा आणि अंगमेहनत काकांची, असा श्रमविभाग सभेच्या पहिल्या दशकात दिसतो. परंतु काकांना केवळ हातपाय मानणे अन्यायाचे होईल. सभेने १८७२ च्या सुमारास शेतकऱ्यांच्या आर्थिक स्थितीची चौकशी हाती घेतली, तेव्हा खेड्यापाड्यांतून माहिती मिळविणे हे मुळात विश्वास संपादन करण्याचेच काम होते.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा झाला आणि त्याचे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. दंगेखोरांचा रोख माणसांपेक्षा कर्जरोख्यांवर होता. ज्या कागदावर अंगठा उमटविला त्याचा अर्थ शेतकऱ्याला ठाऊक नसे आणि न्यायालय मात्र तो कागदच प्रमाण मानीत असे. कागदाचा आधार घेऊन लोकांचा आवाज उभारणाऱ्या काकांच्या समोर कागदाची ही दुसरी, शोषक बाजू होती. याच काळात पुण्यात त्यांच्या पुढाकाराने लवाद न्यायालय सुरू झाले. खर्चिक व दीर्घसूत्री दिवाणी दाव्याऐवजी उभयपक्षी मान्य पंचांकडून तडजोड व्हावी, हा त्याचा हेतू होता. दावे वाढण्यावर ज्याचा चरितार्थ, त्या वकिलानेच दावे कमी करण्याची संस्था चालवावी, यातच त्यांच्या वृत्तीची कल्पना येते. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यातही समेट घडविणाऱ्या मध्यस्थांची तरतूद करण्यात आली.

१८७६ ते १८७८ या वर्षांतील भीषण दुष्काळात सभेने आपल्या प्रतिनिधींमार्फत गावोगावची माहिती जमविली आणि ती पत्रांद्वारे सरकारपुढे ठेवली. पाऊसपाणी, धान्याचे भाव, दुष्काळी कामांवरील मजुरी आणि मृत्यू यांविषयीची ही पत्रे म्हणजे दयेचे अर्ज नव्हते. सरकारी आकड्यांना लोकांकडून आलेल्या माहितीने दिलेले ते उत्तर होते. १८७८ मध्ये सभेचे त्रैमासिक निघाले आणि या कार्याला स्थायी व्यासपीठ मिळाले.

स्वदेशी आणि दिल्ली दरबार

१८७२ मध्ये काकांनी स्वदेशी वस्त्र वापरण्याचे व्रत घेतले आणि ते अखेरपर्यंत पाळले. त्याच सुमारास रानड्यांची देशी व्यापाराविषयीची व्याख्याने पुण्यात झाली. देशी मालाच्या विक्रीची दुकाने काढण्यासाठी काकांनी पुण्यात आणि बाहेरगावीही खटपट केली. व्यापार म्हणून ही दुकाने फारशी यशस्वी झाली नाहीत. ती चालविण्याचा भार काकांच्या वकिलीच्या मिळकतीवर पडत गेला.

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीला साम्राज्ञीपदाच्या घोषणेचा दरबार भरला. जरतारी पोशाखांच्या त्या मेळाव्यात सभेचे प्रतिनिधी म्हणून काका साध्या हातसुताच्या पांढऱ्या पोशाखात उपस्थित होते. सभेने साम्राज्ञीस सादर केलेल्या मानपत्रात ब्रिटिश प्रजेला असलेला राजकीय व सामाजिक दर्जा हिंदी प्रजेलाही द्यावा, अशी मागणी होती. भाषा राजनिष्ठेची, पण मागणी समतेची, हे त्या मानपत्राचे वैशिष्ट्य होय. हा पोशाख म्हणजे नाटकी निषेध होता असे समजण्याचे कारण नाही. काका पुण्यात जसे राहत तसेच दिल्लीत गेले. दख्खनमध्ये दुष्काळ असताना दुसरे काही अंगावर घालणे त्यांना सुचले नसावे.

घरातही हे कार्य पोहोचले होते. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी ‘स्त्रीविचारवती सभा’ स्थापन करून स्त्रियांना एकत्र आणण्याचा प्रयत्न केला.

फडके खटला

काकांच्या वकिलीची खरी कसोटी १८७९ मध्ये लागली. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाने सरकार हादरले होते. १३ मे १८७९ रोजी पुण्यातील बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांना आगी लागल्या. सुशिक्षित पुणेकरांवर संशयाचे सावट आले आणि रानड्यांची बदली धुळ्यास झाली. सार्वजनिक सभाही सरकारच्या नजरेत भरली होती. जुलैमध्ये फडके पकडले गेले आणि त्यांच्यावर पुण्यात खटला उभा राहिला. त्यांची बाजू घेणे म्हणजे संशय स्वतःवर ओढवून घेणे होते. अशा वेळी काकांनी त्यांचे वकीलपत्र घेतले.

फडक्यांचा मार्ग काकांचा नव्हता. काकांचे सारे आयुष्य अर्ज, चौकशी आणि विनंती यांत गेले होते. परंतु आरोपीस बचावाचा अधिकार आहे, ही निष्ठा मार्गाच्या मतभेदावर अवलंबून नसते. फडक्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि १८८० च्या प्रारंभी त्यांची रवानगी एडनला झाली. खटला हरला, पण पुण्यातील एका मनुष्याला वकिलाविना न्यायासनासमोर उभे राहावे लागले नाही. त्यानंतर काही महिन्यांतच, २५ जुलै १८८० रोजी, काकांचे निधन झाले.

मर्यादांचा विचार

स्मरण म्हणजे स्तुती नव्हे. सभेच्या ‘सार्वजनिक’ या विशेषणावर तिच्या काळातच प्रश्न उपस्थित झाला होता. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन करणारे जोतीराव फुले यांनी आपल्या लेखनातून सभेवर टीका केली. ज्या संस्थेत शूद्रातिशूद्र शेतकऱ्याला स्थान नाही ती सर्व जनांची कशी, असा त्यांच्या टीकेचा आशय होता. सभासदांत सरदार, सावकार, वकील, पेन्शनर यांचा भरणा होता, हे नाकारता येत नाही. येथे आपल्या विवेचनातील एक दुवा उपयोगी पडतो. मुखत्यारपत्र परिचयावर चालत होते आणि परिचय हा पेठ, जात व साक्षरता यांच्या कुंपणात होता. जो काकाच्या अंगणापर्यंत पोहोचू शकत नव्हता त्याची सही कागदावर येत नव्हती. सभेचे बळ आणि तिची मर्यादा यांचा उगम एकच आहे.

१८९५ मध्ये सभेची सूत्रे टिळकपक्षाकडे गेली आणि १८९६ मध्ये रानडे-गोखले यांनी डेक्कन सभा काढली. काकांनी उभारलेले घर दोन पिढ्यांच्या मतभेदात विभागले गेले. स्वदेशी व प्रातिनिधिक मागणी या दोन्ही गोष्टी मात्र पुढील राजकारणाने स्वीकारल्या.

समारोप

सार्वजनिक काकांच्या कार्याचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर, दुसऱ्याच्या वतीने बोलण्यापूर्वी त्याची संमती घेतली पाहिजे, हा न्यायालयाचा नियम त्यांनी सार्वजनिक जीवनात आणला. आज निवडणुकीचे कायदे परिपूर्ण आहेत, परंतु ‘सार्वजनिक’ या शब्दाला कोणाचेच नसलेले असा अर्थ चिकटत चालला आहे. काकांच्या काळी त्याचा अर्थ नेमका उलट होता. जे सर्वांचे ते आपल्या घरचे, म्हणून त्याची काळजी घरच्यासारखी वाहायची. आपापल्या गावी असे काका होऊन गेले आहेत. नगरपालिकांची दप्तरे, वाचनालयांचे अहवाल आणि वृद्धांच्या आठवणी यांतून त्यांचा शोध घेणे हे स्थानिक इतिहासाच्या अध्यापकांना सहज करता येण्याजोगे काम आहे. ते करताना त्यांच्या कागदावर कोणाच्या सह्या होत्या आणि कोणाच्या नव्हत्या, हे दोन्ही प्रश्न विचारले गेले पाहिजेत.