वर्धा जिल्ह्यातील शोभिवंत मासे व भोयांचे नदीज्ञान

रंग, आकार किंवा हालचालीच्या देखणेपणासाठी काचपेटीत पाळल्या जाणाऱ्या माशांना शोभिवंत मासे म्हणतात. वर्धा जिल्ह्यात त्यांचा व्यापार लहान आहे. दुकानांत दिसणारे गोल्डफिश, मॉली, एंजल हे मुळात परदेशी जातींचे मासे. देशात त्यांची पैदास मुख्यतः कोलकाता-हावडा परिसरात आणि चेन्नईच्या कोळत्तूर भागात होते. दुसरीकडे धाम, बोर, वणा, यशोदा आणि खुद्द वर्धा या नद्यांत काचपेटीत सहज शोभतील असे अनेक देशी मासे आहेत. भोई, ढीवर, केवट या समाजांतील मासेमारांच्या जाळ्यात ते येतात आणि बाजारात किरकोळ मासळीच्या ढिगात वाट्याने विकले जातात. हे मासे कुठे राहतात, केव्हा धरावेत, जिवंत कसे आणावेत, हे या मासेमारांना ठाऊक असते. जिल्ह्यात देशी शोभिवंत माशांचा धंदा उभा राहायचा असेल तर त्याचे खरे भांडवल हेच ज्ञान आहे.

वर्धा नदी मध्य प्रदेशात मुलताईजवळ सातपुड्यात उगम पावते, जिल्ह्याची पश्चिम सीमा आखत जाते आणि पुढे वैनगंगेला मिळते. तिथून दोघींचा प्रवाह प्राणहिता म्हणून ओळखला जातो. पवनारजवळून वाहणारी धाम आणि हिंगणघाटची वणा या आतल्या नद्या. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला की लहान नद्यांची धार तुटते आणि डोह तेवढे उरतात. नदीतली मासळी पुढच्या पावसापर्यंत या डोहांच्या आधाराने तगते. त्यामुळे कोणता डोह आटतो आणि कोणता टिकतो, ही माहिती मासेमाराच्या ज्ञानाचा पाया आहे.

शोभिवंत म्हणून मोल असलेल्या जातींत पेथिया टिक्टो हा अंगावर दोन काळे ठिपके मिरवणारा चिमुकला बार्ब पहिला घ्यावा लागेल. विणीच्या दिवसांत नराच्या परांवर लाली चढते. उथळ, गवताळ, संथ काठ ही त्याची जागा. रासबोरा डॅनिकोनियसच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक गडद पट्टा धावतो. तो थव्याने वरच्या पाण्यात फिरतो. झेनेन्टोडॉन कॅन्सिला हा सुईसारख्या चोचीचा मासा पृष्ठभागालगत निश्चल थांबून शिकार टिपतो आणि चिकट धाग्यांनी आपली अंडी पाणवनस्पतींना अडकवतो. वाम आणि वाळूत शिरणारे लहान लोच मासे यांना तळाशी बारीक रेती लागते.

काचमाशांकडे जरा थांबून पाहायला हवे. चंदा नामा आणि पॅराम्बॅसिस रंगा या दोन जातींचे शरीर इतके पारदर्शक असते की आतला कणा दिसतो. चंदा नामा इतर माशांचे खवले खातो, म्हणून त्याला मिश्र काचपेटीत ठेवता येत नाही. पॅराम्बॅसिस रंगाच्या वाट्याला मात्र माणसाचे क्रौर्य आले. आशियाच्या काही भागांत व्यापाऱ्यांनी त्याच्या अंगात सुईने रंग टोचून रंगीत काचमासे विकले. असे मासे रोगांना लवकर बळी पडतात. जो मासा मुळातच पारदर्शक म्हणून देखणा आहे त्याला रंगवणे हे अडाणीपणाचे आणि निर्दय काम आहे.

मरळीच्या कुळातला चन्ना गचुआ हा बोटभर ते वीतभर मासा आज जगभरच्या हौशी पाळणाऱ्यांत मागणीचा आहे. त्याचा नर अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळतो. मोठ्या मरळीची रीत वेगळी. तिची तांबूस पिल्ले पृष्ठभागाजवळ झुबक्याने तरंगतात आणि खाली आईबाप पहारा देतात. पाण्यावर तांबडी थरथर दिसली की खाली मोठी मरळ आहे, हे मासेमार काठावरूनच ओळखतो. ती धरली तर पिल्लांचा झुबका इतर माशांचे खाद्य होतो, हेही त्याला कळते.

वर्षाचा सर्वांत महत्त्वाचा काळ म्हणजे पहिल्या पुराचे दिवस. गढूळ पाणी नाल्यांत, बांधांवर आणि पडीक गवतात पसरले की मासे प्रवाहाच्या उलट चढू लागतात. या चढणीच्या माशांच्या पोटात अंडी असतात. थोड्या श्रमात भरपूर मासळी मिळण्याचा हा काळ असल्याने मोह मोठा असतो, आणि नुकसानही याच वेळी सर्वांत जास्त होते. काचपेटीसाठी मासे धरायचे तर पाऊस ओसरून पाणी निवळल्यावर, दसरा-दिवाळीनंतर धरावेत. तोवर पिल्ले वाढलेली असतात आणि डोहही भरलेले असतात. वैशाखातल्या आटत्या डोहातून मासे काढणे म्हणजे पुढच्या वर्षाचे बियाणेच उचलणे होय.

धरण्याइतकेच कठीण काम जिवंत ठेवण्याचे. मरळ, मांगूर, सिंगी हे मासे हवेतूनही श्वास घेतात, म्हणून थोड्या पाण्यात तग धरतात. काचमासा आणि रासबोरा खवले निघाले किंवा पाणी तापले की दगावतात. अशा माशांना हाताचा स्पर्श होऊ न देता, मऊ जाळीच्या झोळीने, पहाटेच्या गारव्यात उचलावे लागते. दूर पाठवण्यापूर्वी एक-दोन दिवस उपाशी ठेवून प्लास्टिकच्या पिशवीत सुमारे एक तृतीयांश पाणी व उरलेल्या जागेत प्राणवायू भरतात. पिशवीची रीत नवी असली, तरी कोणता मासा किती सोसतो याची जाण जुनीच आहे.

या जाणकारीचा विज्ञानाला पूर्वीही उपयोग झाला आहे. कर्नल सायक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन केले, तेव्हा सींघाला, मुल्या अशी स्थानिक नावेच जातींच्या शास्त्रीय नावांत घेतली. रोहू, कटला, मृगळ यांचे बीजही दीर्घकाळ नदीतूनच गोळा होई. हिरालाल चौधुरी यांनी १९५७ मध्ये कटक येथे पीयूष ग्रंथीच्या अर्काने या कुळातील माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केल्यावर बीज केंद्रातून येऊ लागले. मत्स्यशेतीची ती फार मोठी झेप होती. पण बीजासाठी नदी वाचणाऱ्या माणसाची गरज तिने कमी केली, आणि लहान देशी जातींकडे योजनांचे लक्ष फारसे वळलेच नाही.

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपनाच्या घटकासाठी ३ लाख रुपये खर्च गृहीत धरला आहे. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान मिळते. भोई कुटुंबातील बायकांनी सिमेंटच्या टाक्यांत टिक्टो किंवा रासबोराची पैदास करणे या चौकटीत बसू शकते. नदीतून थोडी जोडपी आणावीत आणि विक्री टाकीतल्या पिढीची करावी, हाच मार्ग योग्य वाटतो. केरळच्या ‘मिस केरळ’ बार्बची कथा यासाठी ध्यानात ठेवावी. निर्यातीसाठी ओढ्यांतून बेसुमार पकड झाल्याने हा मासा संकटग्रस्त ठरला आणि विणीच्या काळात पकडीवर बंधने आणावी लागली.

जिल्ह्यातल्या नद्यांवरचे ताण मात्र मासेमारीपुरते नाहीत. बोर, धाम आणि निम्न वर्धा या प्रकल्पांच्या भिंतींनी चढणीच्या वाटा अडवल्या. रेतीचा उपसा झाला की वाम आणि लोच यांचे घरच जाते. कपाशीवरची कीटकनाशके पहिल्या पावसात नाल्यात उतरतात, नेमक्या विणीच्या वेळी. सुरुंग लावून किंवा विष घालून मासे मारण्यास कायद्याने बंदी आहे. बोर अभयारण्य २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प असल्याने तिथले पाणी वन्यजीव कायद्याच्या कक्षेत येते.

काचपेटीतून नदीत येणारे मासे हा आणखी एक धोका. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून हिवताप नियंत्रणात गप्पी मासे डबक्यांत सोडले जातात. खेड्यापाड्यांत सर्वाधिक पोहोचलेला शोभिवंत मासा बहुधा हाच. पण तो देशी माशांची अंडी-पिल्लेही खातो, आणि अळ्या खाण्याचे काम इथले काचमासे व रासबोराही करतात. काच साफ ठेवणारा म्हणून विकला जाणारा दक्षिण अमेरिकेतील सकर मासा मोठा झाला की पुष्कळ जण तो तळ्यात सोडून देतात. उजनीसह अनेक भारतीय जलाशयांत तो पसरला आहे. त्याच्या काटेरी कवचाने जाळी फाटतात आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नसते.