रुमाल आणि तसबीर

गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) सांगलीजवळच्या, कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूरचे. जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग व लगतचा संस्थानी मुलूख मिळून १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला. १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. ‘संशयकल्लोळ’मधली रेवती गाजवणाऱ्या बालगंधर्वांचे कृष्णाकाठचे नागठाणेही याच मुलखातले. मराठीतील या सदाबहार प्रणयप्रधान सुखात्मिकेचे धागे असे एकाच नदीकाठी जुळतात.

देवलांनी संशय हा विषय दोनदा हाताळला, हे मात्र सहसा ध्यानात घेतले जात नाही. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून त्यांनी ‘झुंझारराव’ (१८९०) रचले, तर मोलिएरच्या १६६० सालच्या प्रहसनाचे आर्थर मर्फीने केलेले इंग्रजी रूप घेऊन ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ (१८९३) लिहिले. त्याचाच संगीत अवतार म्हणजे ‘संशयकल्लोळ’. गंधर्व नाटक मंडळीने तो १९१६ साली रंगभूमीवर आणला आणि त्याच वर्षी देवल निवर्तले.

ऑथेल्लोचा घात एका रुमालाने होतो. येथे तेच काम एक तसबीर करते. अश्विनशेठने रेवतीला दिलेली आपली तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते आणि एका प्रेमी युगुलाबरोबर एका दांपत्याचाही संसार डळमळतो. मग एकीकडे मृत्यू आणि दुसरीकडे हास्य, असे का? शोकांतिकेतला संशय एका कारस्थानी माणसाने एकाच्याच कानात ओतलेला असतो. तो आतल्या आत कुजतो. सुखात्मिकेत सगळेच संशयी आहेत आणि सगळेच तो संशय मोठ्याने बोलून दाखवतात. आरोप उघड झाला की त्याला उत्तर मिळण्याची शक्यता उरते.

तरीही हे हसू निर्धोक नाही. रेवती ही मघा नायकिणीची मुलगी. कृत्तिकेवर संशय आला तरी तिचे पत्नीपद शाबूत राहते. रेवतीला मात्र पत्नीपद अद्याप मिळायचेच आहे. प्रियकराचा विश्वास उडाला, तर तिच्या जन्माकडे बोट दाखवायला समाज टपलेलाच आहे. ‘मृच्छकटिक’ मराठीत आणताना देवलांनी वसंतसेनेची हीच ओढ जाणली होती. म्हणून ‘संशयकल्लोळ’च्या शेवटी होणारे मीलन केवळ गैरसमजाची उकल ठरत नाही. दुखावलेली रेवती त्याच माणसावर पुन्हा विश्वास टाकते. नाटकातले सर्वांत मोठे धाडस तिचेच आहे.