‘दिस्कोस्’ व त्याची संतति

जुना कागद वाचतांना त्यांतील शब्दास आजचा अर्थ लावणें हा संग्राहकांकडून नित्य घडणारा प्रमाद होय. तो किती दूर नेतो हें दाखविण्यासाठीं इंग्रजी शब्दांच्या एका कुलाचा वृत्तांत येथें देतों. डिश, डेस्क, डेअस (दिवाणखान्यांतील उंच बैठक), डिस्क व डिस्कस हे पांचही शब्द ‘दिस्कोस्’ ह्या एकाच ग्रीक शब्दाची संतति आहेत.

दिस्कोस् म्हणजे खेळांत फेंकावयाची दगडाची अगर धातूची चपटी, वाटोळी चकती. होमराच्या ‘ओडिसी’च्या आठव्या सर्गांत ओडिस्यूस ती फेंकून यजमानांस थक्क करतो. फेंकणें ह्या अर्थाच्या ग्रीक क्रियापदाशीं हा शब्द जोडला जातो. म्हणजे नांव पडलें तें आकारावरून नव्हे, क्रियेवरून.

लॅटिनांत ‘दिस्कुस्’ झाल्यावर त्यास ताट हा अर्थ आला. चवथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमनें शोधिलेल्या लॅटिन शुभवर्तमानांपैकीं मत्तयाच्या शुभवर्तमानांत बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचें शिर ‘दिस्कुस्’मध्यें मागितलें आहे, मूळ ग्रीकांत त्या स्थळीं ‘पिनाक्स्’ हा निराळाच शब्द आहे. यावरून लॅटिन वाचकास दिस्कुस् म्हणजे ताट हें सहज कळत असे, असें आम्हांस वाटतें.

हा शब्द जर्मानिक भाषांत लवकरच शिरला. जर्मनांत त्याचा ‘टिश’, म्हणजे मेज, झाला. इंग्रजींत ‘डिश’, म्हणजे ताट. मध्ययुगीन लॅटिन ‘देस्का’पासून डेस्क आला व जुन्या फ्रेंचांतून, उच्चासनावरील मेज ह्या अर्थानें, डेअस. सतराव्या शतकांत विद्वानांनीं तोच शब्द पुनः उचलला. तेव्हां सूर्यचंद्रांच्या बिंबांस डिस्क म्हणूं लागले.

आतां जुन्या इंग्रजी लेखांत हा शब्द ‘डिस्क’सारखा लिहिलेला आढळे. त्यास चकती समजणारा वाचक भोजनाच्या ताटांची यादी वाचून खेळाच्या साहित्याचा शोध लावील!

हा धोका आमच्या दप्तरांतही आहे. ग्रीक ‘द्राख्मे’ हें नाणें. त्याचें नांवही मुठींत धरण्याच्या क्रियेवरून पडलें. त्याचा संस्कृतांत ‘द्रम्म’ झाला. भास्कराचार्यांनीं ‘लीलावतीं’त (इ. स. ११५०) सोळा पणांचा द्रम्म व सोळा द्रम्मांचा निष्क सांगितला आहे. द्रम्माचाच पुढें ‘दाम’ झाला. अकबराच्या काळीं तें तांब्याचें नाणें होतें, आज मराठींत दाम म्हणजे पैसा अगर किंमत. म्हणून कागदांत ‘दाम’ आढळल्यास तें नाणें, कीं नुसती किंमत, हें कागदाचा काल व मागचापुढचा मजकूर पाहूनच ठरवावें. शब्दाचें कूळ काढल्यानें त्याचा उगम कळतो. त्या दिवसाचा अर्थ मात्र त्या दिवसाचा कागदच सांगतो.