क्रांतीपूर्व इराण : बाजार, उलेमा आणि कायद्याचा प्रश्न (१८९० ते १९६३)

१९७९ ची इराणी क्रांती वर्गात शिकविताना विवेचन बहुधा शहा मोहम्मद रझा पहलवी व आयातुल्ला खोमेनी या दोन व्यक्तींभोवतीच फिरते. धर्मभावनेचा अचानक झालेला उद्रेक, असे तिचे चित्र विद्यार्थ्यांपुढे उभे राहते. वस्तुतः या क्रांतीमागे सुमारे ९० वर्षांच्या चळवळींची परंपरा आहे. राज्यकर्त्याच्या सत्तेला अटी कोणी घालाव्यात आणि त्या कोणत्या कायद्याच्या आधारे, हा त्या परंपरेचा गाभा होय. या प्रश्नावर व्यापारी, उलेमा आणि सुशिक्षित वर्ग एकत्र आले तेव्हा शहाला माघार घ्यावी लागली. त्यांच्यात फूट पडली तेव्हा दरबाराचे आणि परकीय सत्तांचे फावले.

तंबाखूचा मक्ता

मार्च १८९० मध्ये काजार घराण्याचा बादशहा नासिरुद्दीन शहा याने मेजर टॅलबट या इंग्रजाला इराणी तंबाखूची खरेदी, विक्री व निर्यात यांचा ५० वर्षांचा मक्ता दिला. त्याच्या मोबदल्यात शहाला दरसाल १५,००० पौंड आणि निव्वळ नफ्याचा चौथा हिस्सा मिळणार होता. तंबाखूवर शेतकरी, दलाल, दुकानदार अशा असंख्य लोकांचा चरितार्थ अवलंबून असल्याने १८९१ मध्ये शीराझ, तबरीझ, इस्फहान येथे निदर्शने सुरू झाली.

जमालुद्दीन अफगाणी यांचा या प्रकरणाशी निकटचा संबंध होता. ते १८८० च्या सुमारास हैदराबादेत वास्तव्यास होते व निसर्गवाद्यांचे खंडन करणारा त्यांचा फारसी ग्रंथ त्याच काळात तेथे लिहिला गेला. १८९१ च्या आरंभी इराणमधून हद्दपार झाल्यावर त्यांनी सामर्रा येथील थोर मुजतहिद मिर्झा हसन शिराझी यांना पत्र लिहून परकीयांना दिलेल्या सवलतींविरुद्ध आवाहन केले. डिसेंबर १८९१ मध्ये शिराझी यांच्या नावाने तंबाखू वर्ज्य ठरविणारा फतवा प्रसिद्ध झाला. तारयंत्रामुळे तो शहरोशहरी पोहोचला, दुकाने बंद झाली, हुक्के थंडावले. शहाच्या जनानखान्यातही त्याचे पालन झाले, असे समकालीन वृत्तांत सांगतात. जानेवारी १८९२ मध्ये मक्ता रद्द झाला. मात्र कंपनीला ५ लाख पौंडांची भरपाई द्यावी लागली व त्यासाठी इराणने परकीय कर्ज काढले. मक्ता गेला, कर्ज आले. सत्तेवर मर्यादा घालणारी कोणतीही संस्था मात्र निर्माण झाली नाही.

अदालतखान्यापासून मजलिसपर्यंत

ही उणीव पुढील आंदोलनाने भरून काढण्याचा प्रयत्न केला. डिसेंबर १९०५ मध्ये साखरेचे भाव वाढल्याचा ठपका ठेवून तेहरानच्या सुभेदाराने व्यापाऱ्यांच्या तळपायांवर फटके मारविले. बाजार बंद झाला. व्यापारी व उलेमा यांनी शाह अब्दुल अझीम यांच्या दर्ग्यात ‘बस्त’ घेतला, म्हणजे पवित्र स्थळी आश्रय घेऊन ठिय्या दिला. त्यांची मुख्य मागणी ‘अदालतखाना’, म्हणजे न्यायालय, एवढीच होती. १९०६ च्या उन्हाळ्यात उलेमा कुमला निघून गेले आणि तेहरानमधील ब्रिटिश वकिलातीच्या आवारात १२,००० हून अधिक लोक जमले. या मुक्कामात आधुनिक शिक्षण घेतलेल्या मंडळींच्या सहवासात न्यायालयाच्या मागणीचे रूपांतर संसदेच्या मागणीत झाले.

ऑगस्ट १९०६ मध्ये मुझफ्फरुद्दीन शहाने फर्मान काढले, ऑक्टोबरमध्ये मजलिस भरली व ३० डिसेंबर रोजी राज्यघटनेवर त्याची सही झाली. तेहरानच्या ६० जागांपैकी ३२ जागा कारागीर व दुकानदार यांच्या संघांना होत्या. स्त्रियांना मात्र मताधिकार नव्हता आणि भूमिहीन शेतकऱ्याला त्या सभागृहात स्थान नव्हते. क्रांतीचा पाया शहरी राहिला, ही तिची मोठी मर्यादा होती.

उलेमांतील मतभेद

‘मशरूता’ म्हणजे अटींनी बांधलेली राजवट. हे बंधन शरीअतीचे की मनुष्यनिर्मित कायद्याचे, यावर लवकरच वाद पेटला. शेख फजलुल्लाह नूरी यांनी नागरिकांची समानता व वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य यांस विरोध केला. त्यांच्या आग्रहामुळे १९०७ च्या पुरवणी घटनेत किमान ५ मुजतहिदांनी कायदे तपासावेत, असे कलम आले. याउलट नजफचे आखुंद खुरासानी यांनी मजलिसला उघड पाठिंबा दिला. नाईनी यांनी १९०९ मधील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, बाराव्या इमामांच्या गैबतच्या काळात कोणतीही राजवट निर्दोष असू शकत नाही. तथापि घटनेने बांधलेली राजवट जुलूम कमी करते, म्हणून ती श्रेयस्कर होय. घटनेच्या बाजूनेही मुजतहिद होते आणि विरोधातही. म्हणून या वादाला ‘धर्म विरुद्ध आधुनिकता’ असे स्वरूप देणे इतिहासाला धरून नाही.

या दुहीचा लाभ इतरांनी उठविला. ऑगस्ट १९०७ मध्ये ब्रिटन व रशिया यांनी इराणची प्रभावक्षेत्रे परस्पर वाटून घेतली. जून १९०८ मध्ये रशियन अधिकाऱ्यांच्या हाताखालील कोसॅक ब्रिगेडने मजलिसवर तोफा डागल्या. तबरीझमध्ये सत्तारखान व बाकिरखान यांनी प्रतिकार केला. जुलै १९०९ मध्ये घटनावाद्यांनी तेहरान जिंकले व नूरी यांना फाशी दिले. अखेर रशियाच्या निर्वाणीच्या खलित्यानंतर डिसेंबर १९११ मध्ये मजलिस बंद पडली.

पुन्हा एकजूट, पुन्हा फूट

चार दशकांनंतर, १९५१ मध्ये, डॉ. मोहम्मद मुसद्दिक यांच्या नेतृत्वाखाली तेल उद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यांच्यामागे सुशिक्षित वर्ग, बाजार आणि आयातुल्ला काशानी उभे होते. २१ जुलै १९५२ रोजी जनतेच्या उठावाने मुसद्दिक यांना पुन्हा पंतप्रधानपदी आणले. १९५३ च्या आरंभापर्यंत मात्र काशानी त्यांच्यापासून दुरावले होते. १९ ऑगस्ट १९५३ रोजी अमेरिका व ब्रिटन यांच्या गुप्तहेर संस्थांच्या साहाय्याने त्यांचे सरकार पाडले गेले. अमेरिकेच्या सीआयएची ही भूमिका तिच्याच २०१३ मध्ये खुल्या झालेल्या कागदपत्रांत नमूद आहे.

त्यानंतर शहाची एकाधिकारशाही दृढ झाली. जानेवारी १९६३ मध्ये जमीनसुधारणा व स्त्रियांचा मताधिकार यांचा समावेश असलेल्या ‘श्वेत क्रांती’वर सार्वमत घेण्यात आले. सुधारणा वरून आल्या, पण मजलिस नाममात्र राहिली. ५ जून १९६३ रोजी खोमेनी यांच्या अटकेनंतर उसळलेला उठाव लष्कराने चिरडला. तेलकामगार आणि सुशिक्षित मध्यमवर्ग या उठावात मोठ्या प्रमाणावर उतरले नव्हते. १९७८ मध्ये मात्र हे सर्व घटक एकत्र आले आणि राजेशाही कोसळली.

थोडक्यात, एकजुटीने राजाला नमविता येते, हे इराणी समाजाने १८९२ मध्येच अनुभवले होते. राजा नमल्यावर सत्तेला कोणत्या कायद्याने बांधायचे, हा प्रश्न १९०७ मध्ये उभा राहिला आणि १९७९ नंतरही तो कायम राहिला. विद्यार्थ्यांना क्रांतीचा अभ्यास या प्रश्नापासून सुरू करू दिल्यास इराणचा इतिहास त्यांना केवळ दोन व्यक्तींचा संघर्ष वाटणार नाही.