घरगुती ध्वनिमुद्रण आणि त्याचे सांचे

हल्लीं पुष्कळ सुशिक्षित घरांतून असा देखावा दिसूं लागला आहे कीं, घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी कानांस यंत्र लावून संगणकापुढें बसली आहे, समोर मायक्रोफोन उभा आहे, आणि वडील मंडळींस पावलें न वाजवितां चालण्याची ताकीद मिळाली आहे. ज्या कामास पूर्वीं मोठा स्टुडिओ, जाणता यंत्रज्ञ आणि तासाचें जबर भाडें लागे, तें आतां शेजघरांतल्या टेबलावर होतें. हें काम ज्या सोयीमुळें झटपट उरकतें तिला ‘टेंप्लेट’ म्हणतात. आम्ही तिला सांचा म्हणूं. सांचा म्हणजे गाणें नसलेली गाण्याची मांडणी. गळ्यासाठीं एक ट्रॅक, तबला व डग्ग्यासाठीं दोन, तंबोऱ्यासाठीं एक. प्रत्येकाचें नांव, आवाजाची पातळी, घुमाऱ्याचें प्रमाण सारें आधींच ठरवून ठेवलेलें असतें. फाइल उघडावी आणि गावयास बसावें. चाल सुचलेली असतां तारा जोडण्यांत व नांवें घालण्यांत अर्धा तास जावा आणि तोंवर ती चालच विरून जावी, हा अनुभव ज्यांस आला आहे त्यांस ह्या सोयीचें महत्त्व सांगावयास नको. परंतु हा वेळ आपण कशाच्या मोबदल्यांत वाचवितों, हें कळण्यास थोडें मागें गेलें पाहिजे.

ध्वनिमुद्रणाच्या जन्मापासूनच त्याच्या दोन वाटा झाल्या. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ सालचा. त्यापासून पुढें जीं मेणाच्या नळकांड्यांचीं यंत्रें निघालीं त्यांवर गाणें ऐकतां येई, तसेंच घरच्या घरीं मुद्रितहि करितां येई. उलट, बर्लिनरचा ग्रामोफोन (१८८७) केवळ ऐकण्यापुरता होता. पण त्याच्या तबकड्या एका ठशावरून हव्या तितक्या छापतां येत. व्यापारांत तबकडी जिंकली, आणि घरांत गाणें मुद्रित करण्याची कला बराच काळ मागें पडली. गाणारा कारखान्याच्या मापांत बसूं लागला. हें माप मोठें चमत्कारिक होतें: दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटें!

१९०२ च्या नोव्हेंबरांत फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्यानें गौहरजानचें गाणें मुद्रित केलें. गाण्याच्या शेवटीं ती इंग्रजींत आपलें नांव उच्चारी. ह्यास कोणी तिचा तोरा समजतात, पण कारण अगदीं साधें आहे. मुद्रण जर्मनींत हॅनोव्हर येथें छापावयास जाई, आणि तेथील कारागिरांस कोणती तबकडी कोणाची हें कळावें म्हणून ही खूण ठेवावी लागे. आजच्या सांच्यांत ट्रॅकला नांव दिलेलें असतें, त्याचेंच हें गळ्यांतून निघालेलें पूर्वरूप म्हणावयास हरकत नाहीं.

विलंबित एकतालाच्या एका आवर्तनास मिनिटभर लागणें हें नवल नव्हे. मग ज्या गायकीस असा विस्तार हवा तिनें तीन मिनिटांत काय करावें? आलाप आटोपता झाला, लय मध्य किंवा द्रुत झाली, चार चमकदार ताना घेऊन समेवर येण्याची घाई सुरू झाली. तबकडीनें ख्यालाचा गळा दाबला, असें कित्येक म्हणतात. आम्हांस हें अर्धेंच खरें वाटतें. अब्दुल करीम खांसाहेबांचें १९३७ सालीं निधन झालें; त्यानंतरच्या पिढ्यांस त्यांचा सूर ठाऊक आहे तो ह्या तीन मिनिटांच्या तबकड्यांतूनच, आणि त्यांची भैरवीची ठुंबरी ऐकून वेळ कमी पडल्याची तक्रार करणारा रसिक आमच्या पाहण्यांत नाहीं. गोव्यांतील केरी गांवच्या केसरबाई केरकर ह्यांची भैरवी १९७७ सालीं ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अंतराळांत गेली, तीहि अवघी साडेतीन मिनिटांचीच. तेव्हां थोर कलावंत सांचा भरून काढतो, हें खरें. परंतु ज्यानें बैठक कधीं ऐकलीच नाहीं अशा श्रोत्यास तबकडी म्हणजेच ख्याल असें वाटूं लागलें, हेंहि तितकेंच खरें. सांच्याचा दोष गाणाऱ्यापेक्षां ऐकणाऱ्याच्या कानांत अधिक उतरतो. १९४८ सालीं एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक चालणारी तबकडी अमेरिकेंत निघाली आणि पुढें ती इकडेहि आली, तेव्हां ही अडचण पुष्कळशी दूर झाली. पण कानांस लागलेली संवय इतक्या लवकर थोडीच सुटते!

घरगुती मुद्रण पुन्हां नांवारूपास आलें तें अमेरिकेंत, हॉलीवुडमधील एका गॅरेजांत. लेस पॉल हा गिटारवादक हाडाचा कारागीर होता. तबकडी कोरण्याचें यंत्र त्यानें स्वतः तयार केलें, आणि त्यासाठीं कॅडिलॅक मोटारीचें गतिचक्र वापरलें. १९४८ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘लव्हर’ ह्या तबकडींत आठ गिटारी ऐकूं येतात आणि त्या सर्व एकट्यानें वाजविलेल्या आहेत. पहिली तबकडी वाजत असतां तिच्या जोडीनें दुसरा भाग वाजवावयाचा, दोन्ही मिळून नव्या तबकडीवर कोरावयाचे, मग तिच्यावर तिसरा, असा हा प्रकार. पुढें त्याच्या हातीं चुंबकीय फितीचें यंत्र आलें. त्यास एक जादा शीर्ष बसवून तो हेंच फितीवर करूं लागला. परंतु तेथें धोका असा कीं, सातव्या थरांत चूक झाली तर आधींचे सहाहि थर गेले! शिवाय प्रत्येक नव्या थरागणिक जुना थर अंधुक होई. म्हणून कमी महत्त्वाचे भाग आधीं आणि मुख्य स्वर सर्वांत शेवटीं, असा क्रम मनांत पक्का करूनच यंत्र सुरू करावें लागे. लेस पॉलचा सांचा यंत्रांत नव्हता, डोक्यांत होता. आमच्या मतें घरगुती मुद्रणाच्या इतिहासांतील हा सर्वांत शिकण्याजोगा भाग आहे. १९५७ सालीं अँपेक्स कंपनीनें त्यास आठ स्वतंत्र ट्रॅकांचें यंत्र दिलें, आणि हा सारा जीवघेणा खेळ संपला.

मोठ्या स्टुडिओंतून अशीं यंत्रें आल्यावर कोणत्या ट्रॅकवर काय आहे ह्याचा कागदी तक्ता ठेवण्याची पद्धत पडली. मिक्सरवर चिकटपट्टी लावून तिच्यावर वाद्यांचीं नांवें लिहीत. कोणतें बटण कोठवर फिरविलें होतें त्याचीं चित्रें काढून ठेवीत. आज जें फाइलींत असतें तें तेव्हां कागदावर असे, इतकाच फरक. गरीब वादकास मात्र हें सर्व दुर्लभच होतें. १९७९ सालीं टीॲक कंपनीनें ‘पोर्टास्टुडिओ’ काढला तेव्हां साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घेण्याची सोय झाली. ब्रूस स्प्रिंगस्टीननें १९८२ च्या जानेवारींत न्यू जर्सींतील आपल्या घरीं त्याच यंत्रावर एक गीतसंच मुद्रित केला. गळा व गिटार ह्यांस दोन ट्रॅक. उरलेले दोन मागाहून भर घालण्यास. पुढें वाद्यवृंदासह हींच गाणीं पुन्हां करून पाहण्यांत आलीं, परंतु घरच्या कॅसेटींतला जिव्हाळा त्यांत उतरेना. अखेर ती कॅसेटच ‘नेब्रास्का’ ह्या नांवानें त्याच वर्षीं प्रसिद्ध झाली. चार ट्रॅकांहून अधिक कांहीं करतांच येत नाहीं, ही त्या सांच्याची मर्यादाच तेथें उपकारक ठरली.

संगणकाचें युग सुरू होतांच सांच्यानें निराळेंच रूप घेतलें. १९८३ सालीं निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांनीं एकमेकांशीं कोणत्या भाषेंत बोलावें हें ठरलें. ती भाषा ‘मिडी’. दोन वर्षांनीं अटारी कंपनीनें ह्या भाषेच्या खोबण्या असलेला संगणक घराघरांत नेला. पुढें जर्मनींतील ‘लॉजिक’ ह्या कार्यक्रमांत अशी सोय होती कीं, ‘ऑटोलोड’ नांवाचें एक रिकामें गाणें तयार करून ठेवावें. कार्यक्रम सुरू होतांच तें आपोआप उघडे. वादक लोक ह्या एका फाइलीवर कित्येक दिवस खर्चीत आणि तिला दागिन्यासारखी जपत. आजच्या टेंप्लेटची ही सख्खी आजी होय.

परंतु सांचा स्वतः करणें निराळें आणि आयता घेणें निराळें. मिडीच्या फाइलींचे नियम १९८८ सालीं ठरले. त्यांत असें कलम आहे कीं, गाण्याची लय कोणी सांगितलीच नाहीं तर ती मिनिटास १२० ठोके धरावी, आणि ताल सांगितला नाहीं तर चार-चारचा धरावा. २००४ सालीं निघालेला ‘गॅरेजबँड’ हा लोकप्रिय कार्यक्रमहि नवें गाणें ह्याच लयींत, ह्याच तालांत उघडून देत आला आहे. नवशिक्या मुलास हें ठाऊक नसतें. तो गावयास बसतो तेव्हां एकशें वीस ठोके आधींच वाजत असतात, आणि त्याचा रूपक किंवा झपताल जन्मास येण्यापूर्वींच चौकोनी होतो. स्वरांचीहि गोष्ट तीच. मिडीनें सप्तकाचे बारा सारखे तुकडे केले. सूर वळविण्याची सोय ठेविली, पण ती एका वाहिनींतल्या सर्व स्वरांस एकदम लागू. एका स्वराची मींड घ्यावी तर सोबतचा षड्जहि ओढला जाई! हार्मोनियमच्या बारा सुरांवरून आपल्याकडे केवढा वाद झाला आणि आकाशवाणीनें १९४० पासून १९७१ पर्यंत त्या वाद्यास कसें दूर ठेविलें, हें आमच्या वाचकांपैकीं अनेकांस ठाऊक असेल. ती बंदी आम्हांस कधींच पटली नाहीं. परंतु हार्मोनियम निदान डोळ्यांस दिसे, म्हणून भांडतां तरी येई. फाइलींतल्या न दिसणाऱ्या कलमाशीं कोणी भांडावें? मिडीची सुधारून वाढविलेली आवृत्ति २०२० सालीं आली आणि तिच्यांत प्रत्येक स्वर स्वतंत्रपणें वळवितां येतो, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि घरोघरचे सांचे अजून बहुधा जुन्याच वळणाचे आहेत.

आमच्या परिचयाच्या एका गायनशिक्षिकेनें विद्यार्थिनींसाठीं स्वतःचा सांचा केला आहे, तो आम्हीं मुद्दाम पाहिला. पाश्चात्य ठोक्यांचा ट्रॅक त्यांत नाहीं. तबला व डग्गा निरनिराळे घेतले आहेत, कारण डग्ग्याचा घुमार गळ्यावर चढतो अशी बाईंची तक्रार आहे. घुमारा बेतानें ठेविला आहे, लय मोजणारी जाळी बंद आहे, म्हणजे विलंबितांतून लय वाढत गेली तरी यंत्र कुरकुर करीत नाहीं. काळी एक, काळी चार, पांढरी पांच अशा निरनिराळ्या पट्ट्यांच्या निरनिराळ्या फाइली आहेत. मुलीनें आपली निवडावी. सर्व मांडणी करण्यास दोन रविवार गेले, असें बाई म्हणाल्या. आतां फाइल उघडली कीं प्रथम तंबोरा वाजूं लागतो, आणि मुद्रणाचें बटण मुलीच्या हातीं असतें. तंबोऱ्याशीं षड्ज जुळेपर्यंत तें दाबावयाचें नाहीं, एवढा एकच नियम बाईंनीं फाइलीच्या नांवांत लिहून ठेविला आहे.